मनगटावरचा चंद्र आणि तुळजापूरची पुनव

२०२५ सालच्या दिवाळीत लक्ष्मीपूजन सोमवारी करावयाचे की मंगळवारी, या एका प्रश्नाने घरोघर जेवढी चर्चा झाली तेवढी फराळाच्या महागाईवरही झाली नसेल. आश्विनाची अमावास्या २० ऑक्टोबरला, सोमवारी, दुपारी पावणेचारच्या सुमारास लागली आणि मंगळवारी सायंकाळी सहाला पाच-सहा मिनिटे कमी असताना संपली. उत्तरेकडे बहुतेकांनी सोमवारी रात्री पूजा उरकली; आपल्याकडच्या प्रमुख पंचांगांनी मात्र मंगळवार दिला होता. दिल्लीला दिलेल्या मुलीचा फोन यायचा, "आई, झाली का गं पूजा?" आणि इकडे आई अजून चकल्यांच्या घाण्यापुढे बसलेली! धाराशिवकडे तर आणखी एक मौज होती. अमावास्या संपण्याची वेळ आणि सूर्य मावळण्याची वेळ यांत जेमतेम काही मिनिटांचे अंतर होते.

त्या गडबडीत आमच्या शेजारच्यांचा पुतण्या पुण्याहून आला होता. हातात नवे घड्याळ. आणि त्या घड्याळात चक्क चंद्र. निळ्याभोर चकतीवर सोन्याचा मुलामा दिलेला, चांदण्यांच्या मधून सरकणारा. साऱ्या आळीने ते हातात घेऊन पाहिले. शेवटी एका आजीबाईंनी चष्मा वर सरकवून विचारले, "बाळ, एवढा चंद्र आहे तुझ्या घड्याळात, मग अमावास्या कधी संपते ते सांगेल का रे ते?" त्याने घड्याळाकडे पाहिले. चंद्र खिडकीच्या कडेआड गेलेला. सोमवारी तसाच, मंगळवारीही तसाच. "आजी, ह्यात काही तास-मिनिटे कळत नाहीत," तो म्हणाला. "मग काय उपयोग!" असे म्हणून आजीबाई उठल्या आणि त्यांनी भिंतीवरचे कॅलेंडर पाहिले.

आजीबाईंचा निकाल जरा कडक होता. परंतु त्यांचा प्रश्न मोठा मार्मिक होता यात शंका नाही. लाखो रुपये किमतीच्या घड्याळाला जे सांगता येत नाही, ते भिंतीवरच्या कागदाला कसे सांगता येते? या प्रश्नाच्या मागे लागले की स्वित्झर्लंडच्या कारखान्यापासून सोलापूरच्या पंचांगापर्यंत बरीच भटकंती करावी लागते. वाचकांनी थोडा वेळ माझ्याबरोबर यावे.

प्रथम घड्याळच उघडून पाहू. चंद्रकलेच्या घड्याळात तबकडीवर एक छोटी खिडकी असते, पुष्कळदा सहाच्या आकड्याजवळ. खिडकीमागे एक गोल चकती फिरते. तिच्यावर एक नव्हे, दोन चंद्र काढलेले असतात, समोरासमोर. खिडकीची खालची कड दोन्ही बाजूंना टेकाडासारखी फुगलेली असते. डावीकडच्या टेकाडामागून चंद्र हळूहळू वर येतो, मधोमध आला की पौर्णिमा; उजवीकडच्या टेकाडामागे दडला की अमावास्या. तो दडतो न दडतो तोच दुसरा चंद्र डावीकडे डोके काढायच्या तयारीत असतो. एका पाठोपाठ एक, दोघांची पाळी चालू.

ही चकती फिरवणाऱ्या चाकाला ५९ दाते असतात. तासकाट्याच्या चाकावरून हलणारे एक बोट चोवीस तासांत एकदा या चाकाचा एक दाता पुढे ढकलते. ५९ दिवसांत चाकाची एक फेरी, म्हणजे दोन चंद्रांचे दोन महिने. एका चंद्राच्या वाट्याला साडेएकोणतीस दिवस. साडेएकोणतीस दाते पाडता येत नाहीत म्हणून दोन चंद्र काढले, इतकी ही साधी आणि नामी युक्ती आहे. बाजारपेठेतल्या कोणाही जुन्या घड्याळजीला भिंग डोळ्याला लावून बसवा, तो दोन मिनिटांत तुम्हाला ती उलगडून दाखवील. ज्या घड्याळात एवढेच असते ते फार महाग असावयाचे कारण नाही. पण हीच चकती वार, तारीख, महिना आणि लीप वर्षदेखील आपोआप सांभाळणाऱ्या यंत्राशी जोडली, सारे भाग हाताने घासून-पुसून बसवले आणि वर पाटेक फिलिप किंवा लांगे असे नाव घातले, की किंमत एखाद्या शहरातल्या बऱ्यापैकी सदनिकेशी स्पर्धा करू लागते. १८३९ साली पाया घातलेल्या जिनिव्हाच्या पाटेक फिलिपने १९२५ साली असे चंद्रासह सर्व दिनमान सांभाळणारे यंत्र प्रथम मनगटी घड्याळात बसवले. ते यंत्र मुळात १८९८ साली बायकांच्या गळ्यातल्या घड्याळासाठी घडवलेले होते. सत्तावीस वर्षांनी त्याला मनगट मिळाले.

आता हिशेब. आकाशातल्या चंद्राचा एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंतचा महिना सरासरीने २९ दिवस १२ तास ४४ मिनिटे ३ सेकंदांचा. घड्याळाचा महिना २९ दिवस १२ तासांचा. दरमहा ४४ मिनिटांची तूट. घड्याळातला चंद्र महिन्याला तेवढा पुढे पळतो आणि सुमारे पावणेतेहतीस चांद्रमासांत, म्हणजे दोन वर्षे साडेसात महिन्यांच्या आसपास, पुरा एक दिवस पुढे जातो. मग दुरुस्ती करावी लागते. यात अडचण अशी की, बाजूचा खटका चंद्राला पुढेच ढकलतो, मागे ओढत नाही. एक दिवस मागे यावयाचे तर खटका अठ्ठावन्न वेळा दाबा, नाहीतर किल्ली न देता घड्याळ एक दिवस निजवून ठेवा. दुसरा उपाय मला अधिक पसंत आहे.

पावणेतेहतीस महिने! हा आकडा कानावर पडताच ज्यांच्या घरी जावयाला अनारशांचे वाण द्यावयाची पद्धत आहे त्यांचे कान टवकारले असतील. अधिक मासही साडेबत्तीस सौर महिन्यांच्या अंतरानेच येतो. २०२३ साली अधिक श्रावण झाला, त्यानंतरचा अधिक ज्येष्ठ २०२६ सालचा. दोन्ही दुरुस्त्यांची कारणे अगदी वेगळी आहेत. बारा चांद्रमासांचे ३५४ दिवस होतात आणि सूर्याचे वर्ष ३६५ दिवसांचे. वर्षाला अकरा दिवसांची जी ओढाताण होते ती साठत साठत एक महिना झाली की पंचांगकर्ते अधिक मास घालतात. स्वित्झर्लंडच्या कारागिराला चंद्राच्या महिन्यातल्या ४४ मिनिटांची काळजी, आपल्या पंचांगकर्त्याला वर्षातल्या ११ दिवसांची. अंतर मात्र जवळजवळ तेच निघावे, हा निव्वळ योगायोग आहे. तरी पण मोठा रसाळ योगायोग आहे. घड्याळातल्या चंद्राची दुरुस्ती केव्हा करायची हे लक्षात ठेवायचे असेल, तर अधिक मास आला की करावी! धोंड्याच्या महिन्यात जावयाला वाण आणि घड्याळाला विश्रांती.

ही एका दिवसाची चूक कारखानदारांच्या डोळ्यांत सलू लागली तेव्हा त्यांनी दाते वाढवले. १३५ दातांचे चाक आणि मध्ये आणखी काही चाके घातली, की महिन्याची चूक ५७ सेकंदांवर येते आणि एक दिवस चुकायला १२२ वर्षे लागतात. शाफहाउझेनच्या आयडब्ल्यूसी कंपनीत कुर्ट क्लाउस नावाच्या कारागिराने १९८५ साली आपल्या 'दा विंची' घड्याळात हेच साधले. पुढे त्याच कंपनीने ५७७ वर्षांवर मजल नेली, आणि २०२४ साली जाहीर केले की आता आमचा चंद्र साडेचार कोटी वर्षांत एकच दिवस चुकेल. साडेचार कोटी वर्षे! यावर आपण हसावे की टोपी काढावी, ते कळत नाही. कारण चंद्र पृथ्वीपासून दरवर्षी सुमारे ३.८ सेंटिमीटर दूर सरकतो आहे, त्याबरोबर त्याचा महिनाही लांबत चालला आहे. घड्याळ बिचारे आजच्या महिन्याला कोट्यवधी वर्षे इमान राखील. परंतु चंद्रच त्या करारावर सही करून बसलेला नाही.

तथापि खरी मेख याहून अलीकडे आहे, आणि आजीबाईंच्या प्रश्नाचे उत्तर तिथेच सापडते. ही सारी अचूकता सरासरी महिन्याची आहे. आकाशातला चंद्र सरासरीने चालत नाही. त्याची वाट लंबवर्तुळाकार आहे. पृथ्वीजवळ आला की तो झपाट्याने पाय उचलतो, लांब गेला की रेंगाळतो. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी होते. म्हणून चंद्र धावू लागला की तिथी वीस तासांत आटोपते, आणि रेंगाळला की सव्वीस-साडेसव्वीस तासांपर्यंत लांबते. तिथीचा क्षय आणि वृद्धी म्हणतात ती यातूनच होते.

याचा दाखला शोधायला लांब जायला नको. २०२५ सालचा तोच आश्विन घ्या. त्या महिन्याची पौर्णिमा ६ ऑक्टोबरला दुपारी सव्वाबारानंतर लागली आणि ७ तारखेला सकाळी सव्वानऊच्या सुमारास संपली; पुरे एकवीस तासही नाहीत. चंद्र त्या दिवसांत पृथ्वीच्या सर्वांत जवळच्या टप्प्यावर होता. तोच चंद्र पंधरा दिवसांनी दूरच्या टोकाला पोचला, आणि अमावास्या सव्वीस तासांवर गेली. दोन तिथींत पाच तासांचा फरक! शेजाऱ्यांच्या पुतण्याच्या घड्याळाने मात्र त्या पौर्णिमेलाही एकच दाता दिला, अमावास्येलाही एकच. एका घरात हौशीने आलेला पाहुणा आणि नाइलाजाने आलेला पाहुणा, दोघांना सारखेच अर्धा कप पोहे.

आपल्या जुन्या ज्योतिष्यांनी यासाठी दोन सुरेख शब्द केले आहेत. सरासरी गतीने चालणारा तो मध्यम चंद्र आणि प्रत्यक्ष दिसणारा तो स्पष्ट चंद्र. मध्यमावरून स्पष्टावर यावयाचे तर जो संस्कार करावा लागतो त्याला मंदफल म्हणतात. कोकणात नांदगावी राहून शके १४४२ साली, म्हणजे १५२० साली, 'ग्रहलाघव' लिहिणाऱ्या गणेश दैवज्ञांनी ही आकडेमोड इतकी सोपी करून ठेवली की महाराष्ट्रातले जोशी शेकडो वर्षे त्यावर पंचांगे करीत राहिले. काळ गेला तशी आकाशात आणि पोथीत तफावत पडू लागली. मग एकोणिसाव्या शतकात केरो लक्ष्मण छत्र्यांनी शुद्ध पंचांगाचा प्रश्न हाती घेतला. व्यंकटेश बापूजी केतकरांनी (१८५४–१९३०) पाश्चात्त्य गणित पचवून 'ज्योतिर्गणित' हा संस्कृत ग्रंथ रचला. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली 'भारतीय ज्योतिषशास्त्रा'त या साऱ्याचा इतिहास मांडला. आणि लोकमान्यांनी या वादात एवढे लक्ष घातले की त्यांच्या नावाचे पंचांग आजही निघते. एका चंद्राची जागा बिनचूक सांगता यावी म्हणून या मंडळींनी आयुष्यातली किती वर्षे घालवली असतील! त्यांचे फळ म्हणून आपल्या शेजारच्या सोलापूरहून निघणारे दाते पंचांग शंभराहून अधिक वर्षे घरोघर खुंटीला टांगलेले असते, आणि १९७३ पासून 'कालनिर्णया'ने तोच हिशेब स्वयंपाकघराच्या भिंतीवर आणून ठेवला. साडेचार कोटी वर्षे न चुकणारे ते यंत्र आणि हा कागद समोरासमोर ठेवा. एखाद्या पौर्णिमेला मध्यम आणि स्पष्ट यांत चौदा तासांपर्यंत अंतर पडते. तिथे कागद बरोबर असतो. यंत्राचा मात्र अर्ध्याहून अधिक दिवस चुकलेला असतो.

घड्याळाच्या चाकांना मंदफल जमणारच नाही, असे कोणी म्हणेल. जमते! ते दोन हजार वर्षांपूर्वी जमलेले आहे. १९०१ साली ग्रीसच्या अँटिकिथेरा बेटाजवळ समुद्राच्या तळाशी बुडालेल्या एका जहाजातून काशाचे एक गंजून गोळा झालेले यंत्र वर काढले गेले. आज ते अथेन्सच्या संग्रहालयात आहे. क्ष-किरणांनी त्याच्या पोटातले बघता बघता २००६ साली असे ध्यानात आले की, त्यात एकावर एक, पण मध्यबिंदू किंचित सरकवलेली अशी दोन चाके आहेत. एका चाकावरची खुंटी दुसऱ्याच्या खाचेत फिरते. फिरता फिरता ती कधी मध्याजवळ येते, कधी दूर जाते, आणि त्यामुळे चंद्राचा काटा कधी भरभर, कधी सावकाश चालतो. अगदी खऱ्या चंद्रासारखा. शिवाय कला दाखवायला अर्धा काळा, अर्धा पांढरा असा एक लहानसा गोळाच बसवलेला होता.

ते जहाज बुडाले त्या सुमाराची, फार तर शंभर-दीडशे वर्षांनंतरची, आपल्या जिल्ह्याचीही एक नोंद ग्रीक भाषेत आहे. 'पेरिप्लस' या व्यापाऱ्यांच्या माहितीपुस्तकात पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचे तगर म्हणून जे मोठे नगर सांगितले आहे, ते म्हणजे तेरणेकाठचे आपले तेर. तिथले कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला जाई आणि तिथून पश्चिमेला. तेरला सापडलेली हस्तिदंती बाहुली आणि १९३८ साली इटलीत पाँपेईच्या राखेखालून निघालेली हस्तिदंती मूर्ती यांचे साम्य पाहून जाणते लोक थक्क होतात. गोरोबाकाकांच्या दर्शनाला जाणाऱ्यांनी तिथले लामतुरे वस्तुसंग्रहालय चुकवू नये, एवढे जाता जाता सांगतो.

स्विस कारखानदारांनी खुंटी-खाचेच्या वाटेला सहसा जाऊ नये याचे मला नवल वाटते. कदाचित गिऱ्हाईकाला १२२ वर्षांचा आकडा सांगणे सोपे जाते, मंदफल समजावणे अवघड!

आणखी एक तक्रार नोंदवतो आणि मग तक्रारी संपवतो. आकाशात अष्टमीच्या चंद्राची आतली कड सुरीने कापल्यासारखी सरळ असते आणि दशमीला ती बाहेर फुगते. घड्याळात टेकाड पुढे असल्यामुळे चंद्राचा कायम चावा घेतलेला असतो. दशमी-एकादशीलादेखील तो कोणी कडेने दात मारलेल्या भाकरीसारखा दिसतो. अर्धा काळा गोळा फिरवणारी काही थोडी घड्याळे निघतात, त्यांत मात्र आकार बरोबर येतो. म्हणजे पुन्हा ग्रीकांचीच युक्ती. दुसरे असे की, घड्याळातली कोर उभी असते, कारण ती काढणाऱ्यांनी ती जिनिव्हाच्या आकाशात पाहिली. आपण विषुववृत्तापासून अठरा अंशांवर राहतो. फाल्गुन-चैत्रात सायंकाळी बालाघाटाच्या माथ्यावरची बीजेची कोर पाहा. ती पाठीवर निजलेली असते, पाण्यात सोडलेल्या होडीसारखी. आपली चंद्रकोर, कपाळावरचीसुद्धा, अशी आडवी आहे. उभ्या कोरीला आपल्याकडे कुंकू लावीत नाहीत.

इतके सांगून झाल्यावर कोणी म्हणेल, मग ही घड्याळे घेऊच नयेत का? तसे मुळीच नाही. ज्याला परवडते त्याने हौसेने घ्यावे. सोन्याच्या बांगडीने तरी कोणती वेळ कळते? मात्र दोन गोष्टी सांभाळाव्यात. बाजारात कमी किमतीत सूर्य आणि चंद्र दोन्ही दाखवणारी जी घड्याळे मिळतात, त्यांतली पुष्कळशी चंद्रकलेची नसतातच. त्यांतली चकती चोवीस तासांत एक फेरी घेते, दिवसा सूर्य आणि रात्री चंद्र दाखवते; म्हणजे रात्र झाली एवढेच ती सांगते. घेताना दुकानदाराला विचारून घ्यावे. दुसरे, चंद्र जुळवायचा तो पौर्णिमेला. अमावास्येला काही दिसत नाही, म्हणून चूकही दिसत नाही. पंचांगात पौर्णिमा संपण्याची वेळ पाहावी आणि त्या वेळेच्या जवळपास चंद्र मधोमध आणावा. खटका टोकदार सुईने दाबू नये, ओरखडा उठतो. दात कोरायची लाकडी काडी चांगली. आणि रात्री नऊपासून पहाटे तीनपर्यंत त्याला हात लावू नये, कारण त्या वेळी आतले बोट स्वतःच दाता ढकलीत असते. त्यात आपण घुसलो तर दाता मोडतो आणि घड्याळजीचे बिल पाहून चंद्र दिवसा दिसतो.

आता ज्या ठिकाणी स्पष्ट चंद्रावाचून पानही हलत नाही, तिथे जाऊ. धाराशिवपासून वीस-बावीस किलोमीटरांवर तुळजापूर. तुळजाभवानीची मूर्ती चल आहे, म्हणजे सिंहासनावरून हलवता येणारी. वर्षातून तीनदा देवीला सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवतात. भाद्रपद वद्य अष्टमीपासून अमावास्येपर्यंत घोर निद्रा. नवरात्रात महिषासुराशी युद्ध करून दमलेल्या देवीची आश्विन शुद्ध एकादशीपासून पौर्णिमेपर्यंत श्रम निद्रा. आणि पौषात शाकंभरी नवरात्राच्या आधी मोह निद्रा. श्रम निद्रेसाठीचा पलंग आणि सीमोल्लंघनाची पालखी नगरच्या बाजूने पायी येतात. देवीने किती झोपावे हे तारखेने ठरत नाही, तासांनीही नाही, तिथीने ठरते. चंद्र रेंगाळला तर देवीला थोडी अधिक झोप, धावला तर कमी. एवढ्या मोठ्या संस्थानाचा दिनक्रम एका चुकार चंद्राच्या पावलांवर शतकानुशतके चालतो आहे, आणि तो हिशेब बारा महिने कोणी ना कोणी करीत आला आहे.

आमच्या जिल्ह्याला एकाच वेळी तीन-तीन चंद्र-सूर्य सांभाळायची सवय फार जुनी आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. कचेरीत फसली सन, त्याचे महिने अजूर, दय, बहमन असे. जुन्या जमिनीच्या कागदांवर ते अजून भेटतात. घरात शके आणि तिथी. आणि मुसलमान बांधवांकडे हिजरी, ज्याला ना अधिक मास ना क्षय. म्हणून शहरातल्या हजरत ख्वाजा शमसुद्दीन गाझींच्या उरुसाचे दिवस दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे येतात आणि तेहतीस वर्षांत सारे ऋतू फिरून येतात. हिजरी महिना सुरू होतो तो कोर डोळ्यांनी दिसल्यावर. म्हणजे एक चंद्र गणिताचा, एक चंद्र नजरेचा. त्या राज्याच्या राजधानीत घड्याळांची हौसही मोठी होती. सालारजंग संग्रहालयातले ते कलकत्त्याच्या कूक अँड केल्व्ही कंपनीचे घड्याळ, ज्यातून दर तासाला एक छोटा माणूस बाहेर येऊन टोले देतो, ते पाहायला दुपारी बाराच्या आधी जी गर्दी जमते तीत मराठवाड्यातले कोणी ना कोणी असतेच. टोले मोजून घेतात आणि मग चारमिनारकडे वळतात.

आश्विनी पौर्णिमेची तुळजापूरची यात्रा हा या साऱ्या हिशेबाचा कळस. सोलापुराहून, कर्नाटकातून, तेलंगणातून माणसे पायी निघतात. सोलापूर ते तुळजापूर हा पंचेचाळीस किलोमीटरांचा रस्ता त्या रात्री माणसांनी भरून जातो. पण निघायचे कोणत्या रात्री? कोजागरी मध्यरात्रीच्या पौर्णिमेवर ठरते, आणि पौर्णिमेचा दिवस सूर्योदयाला जी तिथी असेल तीवर. २०२४ साली कोजागरी १६ ऑक्टोबरला आली आणि सूर्योदयाची पौर्णिमा १७ ला; २०२५ सालीही ६ आणि ७ अशी जोडी झाली. घरी आटीव दूध पिणाऱ्याला याचा काही फरक पडत नाही. दोन दिवसांची रजा काढून, लेकरू कडेवर घेऊन चालणाऱ्या विडी कामगार बाईला मात्र पडतो. एक रात्र चुकली तर दर्शन चुकते किंवा मजुरी बुडते. म्हणून महिनाभर आधीच कोणाकडून तरी पंचांग बघून घेतलेले असते.

एकदा चालायला लागले की मग पंचांगही नको, घड्याळही नको. पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळताना उगवतो, मध्यरात्री डोक्यावर येतो आणि सूर्य उगवताना मावळतो. तारखेसाठी घड्याळात कोंडलेला तो चंद्र इथे स्वतःच तासाचा काटा होतो. सोलापूर सोडताना तो उजव्या हाताला, झाडांच्या वर. तामलवाडीच्या पुढे कुठेतरी सावली पायांखाली येते, तेव्हा बारा वाजले समजायचे आणि चहा घ्यायचा. माळुंब्र्याच्या पुढे सावली उजवीकडे लांबू लागते. बायका गाणी म्हणत असतात, पोरे पेंगत असतात. चंद्र डावीकडे कलला, अंगावर पहाटेचा गारवा आला, की समोर तुळजापूरचा घाट लागतो आणि कोणीतरी पहिली आरोळी ठोकतो, "आई राजा उदो उदो!"